कपाटाखालचा गोळा

१० डिसेंबर

ताई,

नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे हा उभ्या उभ्याच घे.

माझ्यावर जो अन्याय चालला आहे त्याची दाद कुणाकडे मागावी ते कळेना, म्हणून तुला लिहिते. तू तीन वर्षांत एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस, म्हणजे मध्येच तोडतही नाहीस. फिर्याद ऐकायला याहून चांगलं माणूस मला मिळायचं नाही.

तर फिर्याद अशी. दर मंगळवारी संध्याकाळी, माझ्याच दुकानात, माझ्याच कपाटाखाली एका प्रतिष्ठित बाईंचा लोकरीचा गोळा घरंगळत जातो, आणि तो काढायला मी जमिनीवर पालथी पडते. कपाट भिंतीला पक्कं केलेलं आहे, ते हलत नाही. बाई प्रतिष्ठित आहेत, त्याही हलत नाहीत. मग उरतं कोण?

तुला माहीत आहे, मी लोकर अंगठ्यावर गुंडाळते. टोक गोळ्याच्या पोटातून बाहेर येतं आणि गोळा शहाण्या बाळासारखा मांडीत बसून राहतो. बाहेरचं टोक आत खोचून त्यावर दुकानाची कागदी पट्टी चिकटवलेली असते, त्याला कुणी हातसुद्धा लावत नाही. मंगळवारी जमणारे सगळे असंच पोटातून विणतात. सिगारेट सुटावी म्हणून सुया हातात घेतलेले बेकरीवाले काकासुद्धा. फक्त आमच्या लेखिकाबाई पट्टी टराटरा फाडून बाहेरून सुरुवात करतात. त्यांचं विणकामावर पुस्तक आहे ना! त्यात एक अख्खं प्रकरण याच्यावर आहे. ‘गोळा मोकळा हिंडला पाहिजे, म्हणजे हात मोकळा राहतो.’ गोळा हिंडतो, हात त्यांचा मोकळा राहतो आणि ढोपरं माझी फुटतात.

परवा मी म्हटलं, “बाई, निदान गोळा एखाद्या भांड्यात तरी ठेवा.”

“भांड्यात भाजी ठेवतात,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या पुस्तकातल्या प्रत्येक स्वेटरला एक गोंडा जास्त असतो, हे माझं निरीक्षण मी त्यांना अजून ऐकवलेलं नाही. सणासुदीचे दिवस आहेत.

नाताळसाठी आम्ही कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये गव्हाणीचा देखावा मांडतोय, सगळा लोकरीचा. मेंढपाळ, मेंढ्या, गाढव, बाळ. गाढव मी करतेय. यावर काय बोलायचं ते तू मनात बोलून घे. देखाव्याच्या कारभारी शिवणबाई आहेत. अर्ध्या गावाला सुईत दोरा ओवायला शिकवून त्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण बोट काही निवृत्त झालं नाही. ते बोट तुमच्या विणकामावर ठेवायचं आणि म्हणायचं, “उसव.” झालं. वर अपील नाही.

नाताळच्या कार्यक्रमात लेखिकाबाईंचा सत्कार आहे आणि शिवणबाई दोन शब्द बोलणार आहेत. मला म्हणाल्या, “माझ्या हाताखाली शिकलेली पोर एवढं नाव काढते, मला मिरवू दे की जरा!” त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मी गप्प बसले. लेखिकाबाईंच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक छापलंय, ‘मला कुणीही शिकवलं नाही.’ शिवणबाईंनी बहुधा पहिलं पान वाचलेलंच नाही. त्या थेट चित्रांकडे जातात.

त्यांच्याशी मी एक पैजही लावून बसले आहे. त्यांची खुर्ची सरकवली की असा खर्रर्र आवाज करते की टाके सुटतात. त्या म्हणाल्या, “तुझी ताई नाताळपर्यंत उत्तर देते की नाही बघ. दिलं, तर तू या खुर्चीच्या पायांत मोजे विणून घालायचे.” मी म्हटलं, “नाही दिलं, तर तुम्ही एक अख्खा मंगळवार ‘उसव’ म्हणायचं नाही.” त्यांनी बराच वेळ विचार केला, मग हो म्हणाल्या. बघ, तुझ्यावर किती भरवसा!

मी बिनघोर आहे. तू मला नक्की जिंकून देशील.

भिंगरी मजेत आहे. तू विचारलेलं नाहीस, तरी कळवते. लोकर रंगवायला शिकली. एकच गोळा रंगवलाय, पोटात पांढरा आणि बाहेर येता येता लालभडक होत गेलेला. तसा दुसरा गोळा जगात नाही, असं ती दिवसातून दहादा सांगते. त्याची शाल मेंढपाळाला. तिला मी फितवलं नव्हतं, हेही पुन्हा एकदा लिहून ठेवते. तुझी लेक आपल्या पायांनी माझ्याकडे आली. मी फक्त दार उघडलं.

तुझी,
धाकटी

१८ डिसेंबर

ताई,

शिवणबाई गेल्या.

दुसऱ्या कशाने सुरुवात करावी म्हणून तासभर बसले होते, पण वाक्य असंच आलं.

काल संध्याकाळी सगळे हॉलमध्ये होतो. खाली गाणाऱ्यांची तालीम चालली होती आणि त्या मंडळींना हळू गाणं म्हणजे कमी भक्ती वाटते, त्यामुळे भिंती हादरत होत्या. लोक येत होते, जात होते, कुणी पताका लावत होतं, कुणी शिडी मागत होतं. शिवणबाई वरच्या सज्जात चांदणी नीट टांगली का ते बघायला गेल्या. चांदणी टांगली आमच्या हॉलच्या रखवालदाराने, म्हणजे ती तिरकी असणार हे ठरलेलंच. गाणं संपल्यावर शिवणबाईच त्याला हॉलमागच्या जिन्याच्या पायथ्याशी पडलेल्या दिसल्या. मान अशी वळलेली होती की मला ते लिहायचं नाही.

पाय घसरला, असंच सगळे म्हणाले. मीही म्हटलं. पण इन्स्पेक्टर वर जाऊन आला आणि त्याने सगळ्यांना थांबायला सांगितलं. जिन्याच्या वरच्या पायरीशी, कठड्याच्या एका खांबाला लोकरीचा धागा बांधलेला होता. दुसरं टोक लोंबत होतं. पायात अडकावा म्हणून कुणीतरी आडवा बांधला आणि त्यांच्या पडण्याने तुटला, असा त्याचा हिशेब.

इन्स्पेक्टर तरणा आहे, नम्र आहे आणि त्याला लोकर सोसत नाही. जवळ आली की शिंकतो. बिचाऱ्याने तपास करायला असं प्रकरण निवडावं! बोलतो चांगला. “काकू, तुम्ही तेवढं बसूनच सांगा,” म्हणाला. मी सगळं सांगितलं. कोण कुठे होतं ते. लेखिकाबाई म्हणाल्या, “मी खालीच होते. या गुडघ्याने मी जिना चढून सज्जात जाणार? आजवर कधी गेले नाही.” रडल्या. मी माझा रुमाल दिला, तो त्यांनी परत केलेला नाही. बेकरीवाले काका बाहेर जाऊन सिगारेट ओढून आले, त्यांना कुणी काही बोललं नाही.

इकडे थंडी आहे. दुकान बंद ठेवलं नाही. घरी बसून करायचं काय? गाढवाचा एक कान झाला.

भिंगरीची तब्येत बरी आहे.

धाकटी

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तो धागा लाल आहे. भिंगरीच्या गोळ्याचा. मंगळवारी शिवणबाईंनी तिच्या शालीवर बोट ठेवून सगळ्यांसमोर “उसव” म्हटलं, आणि तुझी लेक, तुझीच ती, ताडकन उठून म्हणाली, “एक दिवस तुमचीच शिवण उसवते की नाही बघा!” सगळ्यांनी ऐकलं. काल ती दुकानात एकटीच होती, पाहिलं कुणी नाही. तिची पिशवी मात्र सकाळपासून हॉलमध्येच राहिली होती. इन्स्पेक्टरने तिला उद्या ठाण्यावर बोलावलंय. तुला सांगायचं नाही, असं तिने मला शपथेवर सांगितलंय. शपथ मोडली. मला पाप लागेल ते माझं मी बघेन.

२० डिसेंबर

ताई,

ती काल रात्री घरी आली. आज पुन्हा बोलावलंय. वकील बघितला आहे. त्याचं तोंड बघून मला धीर आला नाही, पण कोट चांगला होता.

गावाचं म्हणशील, तर गावाने निकाल लावूनही टाकला. आज सकाळपासून दुकानात एक गिऱ्हाईक आलं, तेही भिंगरी कुठे दिसते का हे बघायला. मी त्यांना जाड सुया दाखवल्या आणि त्या कुठे कुठे खुपसता येतात ते समजावून सांगितलं. गेले. पोरगी काही विणत नाही, रिकाम्या सुया हातात धरून नुसती बसते. मला म्हणाली, “मावशी, त्या बरोबर होत्या. तिसऱ्या ओळीत टाका सुटलाच होता.” आणि मग रडली. खुन्याला मेलेल्या माणसाच्या तिसऱ्या ओळीची आठवण होत नाही, हे कायद्यात कुठे लिहिलंय का ते वकिलाला विचारलं. त्याने कोट झटकला.

मग मीच ठाण्यावर गेले. टेबलावर कागदाच्या पाकिटात धागा होता.

“हात लावू नका, काकू.”

“लावत नाही. हा माझ्या दुकानातला, त्याच जातीचा, नुसता पांढरा आहे. हा घ्या. दोन टेबलांच्या पायांना आडवा बांधा आणि तुमच्या हवालदाराला चालत जाऊ दे.”

हवालदार चालत गेला. पलीकडे पोचल्यावर वळून विचारतो, “कधी बांधणार?”

धागा तुटलेला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. एकपदरी मऊ लोकर आहे ती, बाळांच्या टोपड्यांची. त्यात मांजर अडखळायचं नाही. इन्स्पेक्टर बघतच राहिला. मग शिंकला. मग म्हणाला, “म्हणजे बाईंना ढकललं. आणि धागा नंतर बांधला.”

“शोभेसाठी,” मी म्हटलं.

बोलता बोलता माझ्या डोक्यात काहीतरी टुक्कन वाजलं. नुसतं ढकलून पळाली असती व्यक्ती, तर आम्ही सगळ्यांनी जन्मभर अपघातच म्हटलं असतं. पण काहींना राहवत नाही. झालेल्या कामाला एक गोंडा जास्त लावल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

मी म्हटलं, “मला तो गोळा बघू दे. लांबूनच.”

त्याने हातमोजा चढवला, दुसऱ्या हाताने नाक धरलं आणि भिंगरीच्या पिशवीतला गोळा काढला. ताई, पोटातून निघालेला धागा अजून शालीला जोडलेला होता, जेमतेम फिकट गुलाबीपर्यंत पोचलेला. लाल भाग बाहेर, तिथवर तिचं विणकाम आलंच नव्हतं. आणि कागदी पट्टी फाटलेली. आणि अख्ख्या गोळ्याला, चहूबाजूंनी, सोनेरी चमकी.

“ही चमकी?” त्याने विचारलं. “सगळ्यांच्याच चपलांना होती ती. रखवालदाराने दुपारी सज्जात चांदणीवर टाकताना डबा सांडला, आणि खाली येताना गावभर नेली.”

“चपलांना तळाशी लागली होती. ही सगळीकडून आहे. हा गोळा सज्जात जमिनीवर लोळलाय. पोटातून धागा काढला, तर गोळा लोळत नाही. बाहेरून काढला, तरच लोळतो.”

“मग?”

“मग काय! लोळलेला गोळा कुठे जातो ते मला विचारा. माझी ढोपरं त्यात गेलीत. सज्जात गाण्याच्या पुस्तकांचं जुनं कपाट आहे ना?”

“आहे.”

“त्याच्याखाली बघा. गोळा परत पिशवीत आलाय, म्हणजे कुणीतरी पालथं पडून तो काढलाय. आणि असं पालथं पडलं की काहीतरी मागे राहतंच. माझा चष्मा दोनदा राहिला.”

हवालदाराला पाठवलंय. मी घरी येऊन हे लिहितेय. कोण ते तुला कळलंच असेल, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस असं आई नेहमी म्हणायची. मला ते आजही पटत नाही.

मला आनंद झालेला नाही. त्या बाईंबरोबर मी इतके मंगळवार चहा प्यायले आहे.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण हे पत्र वाचलंस, एवढं कसं तरी कळव. पोरीसाठी.

धाकटी

२४ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड आज सकाळी आलं. ‘पंचवीसला सकाळी पोचते. तिला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही. तुझ्यावर आहे.’ तीन वर्षांनी तीन वाक्यं, आणि तिसरं अगदी तुझं. भिंगरीने ते कार्ड आरशाच्या फटीत लावलंय. भांग पाडताना वाचते.

हे पत्र पेटीत टाकत नाही, ते तुझ्यामागे तुझ्या घरी जाऊन बसेल. तुझ्या उशीवर ठेवते. तोंडाने सांगायला गेले, तर तू मध्येच तोडशील.

काल मंगळवार होता. मी मुद्दाम सगळ्यांना बोलावलं, म्हटलं, शिवणबाईंसाठी देखावा पुरा करू. काका आले, रखवालदार आला आणि लेखिकाबाईही आल्या. न येऊन चाललं नसतं त्यांना. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे तेच जाकीट घातलं होतं, शिसवी लाकडाच्या कोरीव बटणांचं. दाराशी इन्स्पेक्टर उभा, नाकाला रुमाल. शिवणबाईंची खुर्ची कुणी घेतली नाही.

मी सगळ्यांना एकेक नवा गोळा दिला. मेंढ्यांच्या शेपट्यांसाठी. काकांनी पोटातून टोक ओढलं. भिंगरीनेही. लेखिकाबाईंनी पट्टी फाडली. मला वाटतं, हात थांबवावा असं त्यांच्या मनात आलं असेल, पण हाताला मन विचारत कोण बसतं? गोळा मांडीवरून सुटला आणि टुणटुण करत थेट माझ्या कपाटाखाली.



मी उठले नाही. पहिल्यांदाच. म्हटलं, “बाई, आज तुम्ही काढा.”

“माझा गुडघा...”

“सज्जात चालला की तो.”

त्यांनी जाकीट सारखं केलं. मी म्हटलं, “आणि तुमचं खालून दुसरं बटण निराळं आहे. लाकूड तेच, पण कोरीवकाम नाही.”

“पडलं कुठेतरी.”

“कुठे ते सापडलंय,” इन्स्पेक्टर दारातून म्हणाला, आणि पुढे येऊन तळहात उघडला. कोरीव बटण, नक्षीच्या खाचांत सोनेरी चमकी भरलेली. त्याला शिंक आली, पण त्याने ती गिळली. त्या क्षणाचा मान त्याने राखला, याबद्दल मी त्याला जन्मभर मानेन.

लेखिकाबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या. नीट, एकमेकींना समांतर.

“मी फक्त एवढंच सांगायला गेले होते, की काही बोलू नका,” त्या म्हणाल्या. “सगळं गाव जमणार होतं. ‘हिला मी शिकवलं.’ लोक पुस्तक उघडून माझ्या तोंडावर धरणार. मी हात जोडले त्यांना. तर हसून म्हणतात, ‘अगं वेडे, कौतुकच करतेय की तुझं!’ आणि माझ्या या जाकिटावर बोट ठेवून...”

“उसव म्हणाल्या?” भिंगरीने विचारलं.

लेखिकाबाईंनी मान हलवली. “म्हणाल्या, छान झालंय. मी हात झटकला त्यांचा. एवढंच. हातच झटकला.”

“आणि मग माझी पिशवी दिसली,” भिंगरी म्हणाली. शांतपणे म्हणाली. मला तेव्हा ती अगदी तुझ्यासारखी वाटली.

हात झटकण्याला एक क्षण लागतो. खाली येऊन पिशवी उघडायची, पुन्हा वर जायचं, धागा बांधायचा, कपाटाखालून गोळा काढायचा आणि परत तो पोरीच्या पिशवीत ठेवायचा, याला मन घट्ट करावं लागतं. जाताना त्या दारात थबकल्या. मला वाटलं, काही बोलतील. पर्समधून माझा रुमाल काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला.

त्या गेल्यावर काका म्हणाले, “चहा टाका हो कुणीतरी.” मग रखवालदार कपाटाखाली शिरला, गोळा घेऊन बाहेर आला आणि विचारतो, “हा पुरावा आहे की लोकर?” हसू आलं आम्हाला. आलं, काय करणार! शिवणबाई असत्या तर त्याही हसल्या असत्या आणि मग त्याच्या तिरक्या चांदणीवर घसरल्या असत्या.

देखावा रात्रीच्या आधी पुरा झाला. मेंढपाळाला भिंगरीची शाल आहे. पोलिसांनी ती गोळ्यापासून तोडून परत दिली, लाल भाग त्यांच्याकडेच, त्यामुळे ती पांढरीपासून फिकट गुलाबीपर्यंतच येऊन थांबते, पण छान दिसते. तिसरी ओळ तिने उसवून पुन्हा घातली, मी न सांगता. माझ्या गाढवाला दोन्ही कान आहेत. इन्स्पेक्टर लांब उभा राहून बघून गेला. गाढव कुणी केलं, असं त्याने विचारलं आणि माझं नाव ऐकून अजिबात हसला नाही. चांगल्या घरचा आहे.

ताई, उद्या तू येशील. येताना तोंड फुगवून ये, मला सवय आहे. पोरीला मात्र आधी जवळ घे, आणि भांडण चहानंतर काढ. तुझी खोली झाडून ठेवलीय. फितवण्याबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही. दार मी उघडलं होतं, तेच उद्या तुलाही उघडणार आहे.

कार्ड वाचून झाल्यावर मला एकदम आठवलं की मी हरले. नाताळच्या आत उत्तर आलं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. करडी लोकर काढली, मळ दिसू नये म्हणून, आणि दुकानातच चार छोटे मोजे विणले. शिवणबाईंची खुर्ची आडवी करून पायांत घातले. भिंगरी आतून आली, खुर्ची सरळ करून तिने दारापर्यंत सरकवली आणि परत आणली. आवाज आला नाही.

मागच्या डाव्या पायाचा मोजा जरासा सैल झाला होता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मी तो काढला, उसवला आणि पुन्हा घातला.

धाकटी